चारशे बारा कार्डे आणि एक घर

मी, खाली सही करणार असलेला इंग्रजी-मराठी महाकोशाचा संपादक, वय वर्षे एक्क्याऐंशी, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता सांगत आहे. हे वाक्य वकिलाने घालायला लावले तेव्हा मला हसू आले, कारण या घरात दडपण आणायचे काम आजवर माझ्याकडेच होते. माझे डोके ठिकाणावर आहे. डोळे नाहीत. सहा वर्षांपूर्वी उजवा गेला, मागोमाग डावा. म्हणून मजकूर माझी मुलगी लिहून घेत आहे. कोशाच्या कामात आमचा जो नियम होता तोच इथे लागू आहे: कानावर पडेल ते सगळे लिहायचे, गाळायचे काही नाही, सुधारायचेही काही नाही. ती मध्ये बोलली तर तेही तिने लिहायचे आहे.

यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे केली होती, ती रद्द समजावीत. दोन्हींत मी लोकांशी नको तितका चांगला वागलो होतो.

मुलीला यातले एकच कलम ऐकायचे आहे, घराचे. ती त्रेपन्न वर्षांची आहे, लग्न झालेले नाही, नोकरी कधी केली नाही, आणि हे घर गेले तर तिला पाय ठेवायला दुसरी जागा नाही. ते कलम मी मुद्दाम शेवटाकडे ठेवले आहे. तोवर तिचे अक्षर नीट राहील.

कलम १. मिळकतीच्या वर्णनाआधी एका शब्दाचे वर्णन करणे भाग आहे, कारण वाटणी त्यावर बेतलेली आहे. शब्द ‘सेट’. इंग्रजीत तीन अक्षरे. महाकोशाचे सहा खंड निघाले आणि सातवा अडला तो या तीन अक्षरांपायी. सूर्य मावळतो तेव्हा हा शब्द लागतो आणि सिमेंट घट्ट होते तेव्हाही. मोडलेले हाड बसवणे, कोंदणात खडा बसवणे, कोंबडीखाली अंडी ठेवणे, घड्याळ लावणे, सापळा लावणे, हट्टाने जबडा आवळणे, टेनिसमधला डाव, नाटकाचा देखावा, एकमेकांना धरून राहणारी श्रीमंत मंडळी, सगळ्यांना हा एकच शब्द पुरतो. मी चाळीस वर्षे त्याचे अर्थ गोळा केले. डोळे जाण्याच्या आदल्या महिन्यात चारशे बारावे कार्ड लिहिले. तेव्हापासून मुलगी कार्डे वाचून दाखवते आणि मी क्रम लावतो. क्रम मागच्या गुरुवारी पूर्ण झाला.

हा मुळात एक शब्द नव्हे, दोन आहेत. एक क्रियापद, उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या लोकांचे, त्याचा अर्थ ‘बसायला लावणे’. संस्कृतातला ‘सद्’ हा धातू त्याचा सख्खा भाऊ, आणि आपण घराला सदन म्हणतो तेही त्यातलेच. दुसरे नाम, समूह या अर्थाचे. ते लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आले आणि त्याचा मूळ अर्थ कोणाच्या तरी मागोमाग चालणारी माणसे असा होता. पुढे दोघांचे रूप सारखे झाले आणि लोक त्यांना एकच समजू लागले. हे प्रथम माझ्या मुलीच्या लक्षात आले. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. प्रकाशकाच्या माणसांसमोर मी तिला मूर्ख म्हणालो, आणि पुढच्या आठवड्यात तेच मत माझे म्हणून त्याच माणसांना सांगितले. प्रस्तावनेत तिचे नाव घातलेले नाही. पुढेही घालू नये.

कलम २. थोरल्या मुलास माझा रेडिओ सेट द्यावा. तो बंद आहे. मुलगा शाळेत असताना रोज संध्याकाळी त्याच्यापुढे बसून खेळाचे धावते वर्णन ऐकायचा आणि माझे लक्ष उडायचे. एके दिवशी मी मागचे झाकण उघडून आतला एक भाग काढून ठेवला. पोराने दोन वर्षे तो दुरुस्त करण्याचा ध्यास घेतला. पुस्तके आणली, तारा जोडल्या, एकदा शॉक बसून कोपऱ्यात जाऊन पडला. मी काही बोललो नाही. पुढे तो फ्रिज दुरुस्त करण्याच्या धंद्यात शिरला आणि सुखी झाला, हे मला कधी आवडले नाही. तो भाग माझ्या टेबलाच्या डाव्या खणात, टाचण्यांच्या डबीत आहे. आता बसव म्हणावे.

कलम ३. माझ्या पहिल्या खंडावर ज्या प्राध्यापकांनी लिहिले की या कोशात शब्द भरपूर आहेत, माणूस मात्र एकही भेटत नाही, त्यांना माझी दातांची कवळी द्यावी. वरची आणि खालची मिळून सेट होतो, अर्थ क्रमांक दोनशे सहा. उकळून द्यावी. त्यांचे स्वतःचे दात केव्हाच गेले आहेत, चावण्याची हौस तेवढी राहिली आहे.

कलम ४. तळमजल्यावरच्या सुतारास कोशाचे सहाही खंड द्यावेत. करवतीचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे आळीपाळीने वाकवतात, म्हणजे पाते लाकडात अडकत नाही. त्या वाकवण्यालाही सेट म्हणतात, आणि तो काय प्रकार असतो हे मला त्याने तीन दिवस स्टुलावर बसवून दाखवले. वर चहा पाजला. पुस्तकात आपले नाव येणार का, असे त्याने लाजत विचारले होते. मी हो म्हणालो आणि कार्डावर आधार म्हणून एका इंग्रजी पुस्तिकेचे नाव घातले. त्याला वाचता येत नाही, त्यामुळे ते त्याला कळलेले नाही. फळीखाली टेकू द्यायला खंडांची जाडी बरोबर आहे.

इथे मुलगी म्हणाली, “बाबा, त्यांनी तुमची खुर्ची फुकट करून दिली होती.”

लिहिलेस ना? पुढे.

कलम ५. माझ्या मृत पत्नीचा चहाचा सेट तिच्या बहिणीस द्यावा. पत्नी गेली त्या सकाळी मी चौथ्या खंडाची मुद्रिते तपासत होतो. आतल्या खोलीतून हाक आली होती. मी पान संपवून उठलो. बहीण दुपारी आली आणि सगळ्या शेजाऱ्यांसमोर म्हणाली, “भावोजी, तुम्ही हिला कार्डं चिकटवायला लावून लावून संपवलंत.” ती खरे बोलली होती. म्हणून तिला बाराऐवजी अकरा कप द्यावेत आणि बारावा तिच्यादेखत फोडावा.

कलम ६. मुलीच्या उजव्या मनगटाविषयी. नऊ वर्षांची असताना ती माळ्यावरून माझी पेटी काढताना पडली. हाड बसवणाऱ्या विलायतेत शिकलेल्या डॉक्टरांनी सहायकाला इंग्रजीत एक वाक्य सांगितले, त्यात हा शब्द अगदी नेमका आला होता. मी त्यांना थांबवून ते वाक्य पुन्हा म्हणायला लावले आणि खिशातल्या कागदावर उतरवून घेतले. मग कागदावर तारीख घातली. तोवर पोरीने हात हलवला. हाड जरा तिरके बसले. आजही तिचे अक्षर उजवीकडे कलते आणि थंडीत ती हात पोटाशी धरून बसते. ते वाक्य कार्ड क्रमांक सतरावर आहे. उत्तम उदाहरण आहे, त्याहून चांगले मला नंतर मिळाले नाही.

पेन थांबले आहे. मी विचारले, “काय झालं?”

“काही नाही. शाई वाळली.”

“बॉलपेनची शाई वाळते होय?”

“मग काही नाही. सांगा.”

कलम ७. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागची गॅलरी, कार्डांचे लाकडी कपाट आणि भिंतीतली फडताळे, हे सगळे माझे स्वकष्टार्जित आहे आणि त्यावर कोणाचा बोजा नाही. ते मी माझ्या मुलीस देत आहे.

“बाबा,” एवढेच ती म्हणाली. तिचा आवाज बदलला आहे. घाई करू नकोस, वाक्य संपलेले नाही.

देत आहे, पण एका अटीवर. माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांत प्रकाशकाचा माणूस येईल आणि ‘सेट’ची कार्डे मोजून घेईल. ती चारशे बारा भरली पाहिजेत. प्रत्येक कार्ड मूळचे, माझ्या हस्ताक्षरातले, शाईने लिहिलेले आणि वाचता येण्यासारखे असले पाहिजे. नक्कल चालणार नाही, मग ती कितीही सुवाच्य असो. दुसऱ्याच्या अक्षरातले कार्ड मी आयुष्यात स्वीकारले नाही. एक जरी कमी भरले किंवा एक जरी वाचता आले नाही, तर घर थोरल्या मुलाकडे जाईल आणि तो ते महिन्याभरात विकेल, हे मी त्याच्याकडून आधीच वदवून घेतले आहे. छपाई झाली की कार्डे, त्यांच्या रिवाजाप्रमाणे, लगद्याच्या गिरणीत जातील. ती परत मागता येणार नाहीत.

मुलगी म्हणाली, “एवढंच ना? ती तर कपाटातच आहेत. कोण हात लावतंय त्यांना?”

ती हसली असावी. पुष्कळ वर्षांनी. आता पुढचे कलम.

कलम ८. कोशात चूक राहिली तर शेवटी शुद्धिपत्र जोडावे लागते, म्हणून हे जोडतो. पश्चात्ताप झाला आहे असे कोणी समजू नये.

चौथ्या खंडाच्या वेळी छापखान्यातला जुळारी रोज दुपारी कच्ची मुद्रिते घेऊन यायचा. खिळे जुळवणारा माणूस, बोटे काळी, उलटी अक्षरे सुलट्यासारखी वाचायचा. दहा मिनिटांचे काम तासभर चालायला लागले तेव्हा मला कळले. मुलगी सत्तावीस वर्षांची होती. त्याने माझ्यासमोर उभे राहून सरळ विचारले. मी हो म्हणालो, कारण नाही म्हटले असते तर ती त्याच दिवशी निघून गेली असती. त्याला दुसऱ्या शहरात मोठ्या छापखान्यात काम मिळाले होते. तो तिला म्हणाला, “मी आधी जाऊन जागा बघतो, मग पत्र टाकतो, तेव्हा ये.” तो गेला. पत्र आले नाही. तिने आधी सहा महिने वाट पाहिली, मग वर्ष, आणि मग वाट पाहणे सोडून कामाला लागली. त्या वर्षी तिचे काम फार चांगले झाले.

पत्रे आली होती.

पुन्हा थांबली आहेस. लिही.

टपाल साडेअकराला यायचे आणि तुला मी दहा ते एक वाचनालयात उतारे काढायला धाडायचो. तुझी आई नुकतीच गेली होती. माझे अक्षर लागणारे, कार्डांचे क्रमांक पाठ असलेले दुसरे माणूस मला कुठून मिळणार होते? तू गेली असतीस तर ‘सेट’ तिथेच संपला असता. मी तुझा विचार केला नाही असे नव्हे. केला, आणि दोन्हींत शब्द मोठा निघाला.

“किती पत्रं होती?”

“अकरा.”

“तुम्ही वाचलीत?”

“सगळी. वाचल्याशिवाय कागद कापायचा नाही, हा नियम आहे.”

“कापायचा म्हणजे?”

मी सांगतो ते लिही, कापायचा म्हणजे काय ते. आपल्याकडे कोरा कागद कधी पुरला नाही. लग्नपत्रिका, जाहिराती, बिले, ज्याची पाठ कोरी त्याची कार्डे, हे तू लहानपणापासून पाहतेस. तो पातळ कागदावर एकाच बाजूने लिहायचा, शिसपेन्सिलीने. पाठ कोरी राहायची. मी प्रत्येक पानाचे चार तुकडे केले, पाठीवर शाईने अर्थ लिहिले, आणि कागद पातळ असल्याने कप्प्यात उभा राहीना म्हणून पत्राची बाजू आत घालून खळीने पुठ्ठ्यावर चिकटवली. अकरा पत्रे, बावीस पाने, अठ्ठ्याऐंशी कार्डे. इतर कार्डांहून ती जरा जाड आहेत. ती तू सव्वीस वर्षे हाताळते आहेस. तिसऱ्या पत्रात त्याने नव्या छापखान्यातल्या यंत्रावर अक्षरांची अख्खी ओळ कशी ओतली जाते ते सविस्तर लिहिले होते. माहिती चोख होती. ती मी कार्ड क्रमांक एकशे चव्वेचाळीसवर घेतली, त्याच कागदाच्या पाठीवर.

“त्यात काय लिहिलं होतं?”

“सांगितलं ना, यंत्र...”

“बाबा, मला बोलावलं होतं का?”

“पाचव्या पत्रापर्यंत बोलावत होता. मग नुसतं विचारत होता.”

“काय विचारत होता?”

“तब्येत. मनगट. उत्तर का नाही.”

“आणि शेवटच्या पत्रात?”

“पत्ता बदलल्याचं होतं. नवा पत्ता दिला होता. तो कोणत्या कार्डामागे गेला ते मला आठवत नाही.”

तो आज कुठे आहे, आहे की नाही, मला ठाऊक नाही. एवढे ठाऊक आहे की खळ पाण्याने सुटते. शिसपेन्सिल पाण्याला दाद देत नाही. माझी शाई मात्र पाणी लागताच पसरते, ती पहिल्यापासून तशीच आहे. म्हणजे कार्ड भिजवले तर पत्र राहील आणि अर्थ जाईल. कोरडे ठेवले तर अर्थ राहील, घर राहील आणि पत्र गिरणीत जाईल. हे मी मेल्यावर तुला कळले असते तर तू मला शिव्या घातल्या असत्यास आणि मला त्या ऐकू आल्या नसत्या. म्हणून आज सांगतो. तू काय निवडशील याची मला काळजी नाही. माझ्या हाताखाली तयार झालेले माणूस कार्ड भिजवत नाही.

तिने पान उलटले. हेही लिही.

कलम ९. माझ्या मागे भाषणे करू नयेत. फोटो लावू नये. सातव्या खंडात माझ्या नावापुढे ‘एकहाती’ हा शब्द घालावा.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या वकिलाने करावी. तो आळशी आहे, पण त्याला माझी भीती वाटते. ती मी गेल्यावरही वर्षभर टिकेल.

वरील मजकूर मला दोनदा वाचून दाखवण्यात आला. दुसऱ्यांदा वाचताना वाचणारीचा आवाज कुठेही अडखळला नाही. त्यात कमीजास्त काही नाही याची खात्री करून, साक्षीदारांसमक्ष, कागदावर बोट कुठे ठेवायचे ते विचारून मी सही केली आहे.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: चालू महिन्याची नऊ तारीख, मंगळवार, दुपारी चार

सही: महाकोशाचा संपादक (ओळीच्या थोडी वर गेली आहे)

साक्षीदार १: कोपऱ्यावरचा चष्मेवाला. सही.
साक्षीदार २: वकिलाचा कारकून. सही.

मजकूर लिहून घेणारी: मुलगी. सही.

लिहून घेणारीची टीप

ही टीप सह्यांनंतरची आहे, मृत्युपत्राचा भाग नाही. दादा, वकील तुला प्रत देतील, म्हणून तुझ्यासाठी लिहिते.

बाबांनी सांगितले तसेच लिहिले आहे, एक अक्षर इकडचे तिकडे केलेले नाही. साक्षीदार चहा पिऊन गेले. बाबा पलंगावर पडले आहेत, जागे आहेत. कपाटातून जाड कार्डे वेगळी काढायला मला पाव तास लागला. ती कोणती हे माझ्या बोटांना आधीपासून माहीत होते, पण का जाड आहेत असे मी सव्वीस वर्षांत एकदाही विचारले नाही. याचा मला फार राग येतो आहे, बाबांपेक्षा स्वतःचा जास्त. मोजली, अठ्ठ्याऐंशीच आहेत.

घर तुझे झाले. विकायचे तर विक, मी अडवणार नाही. बाबा आहेत तोवर त्यांचे खाणेपिणे आणि औषध मी करीन. रेडिओचा तो भाग डबीत आहे, मी पाहिला. सुतारकाकांना त्यांच्या अर्थाचे कार्ड मी स्वतः जाऊन वाचून दाखवीन.

मोठ्या पातेल्यात कोमट पाणी घेऊन स्वयंपाकघरात जमिनीवर बसले आहे. कागद सुटायला दहा मिनिटे लागतात. पेन्सिल पुसट आहे, पण लागते. तुकडे चारचार असल्यामुळे वाक्ये तुटली आहेत. पहिल्यावर ‘उत्तर नाही आलं तरी मी’ एवढेच आहे. पुढचा तुकडा अजून सापडायचा आहे. पाणी निळे झाले, म्हणून एकदा बदलले.

त्या आवाजाने बाबांनी आतून विचारले, “काय करतेस गं?”

मी म्हणाले, “कार्डं भिजवतेय.”

पलंग करकरला. मग म्हणाले, “किती झाली?”

“एकवीस.”

“कोणत्या अर्थांची?”

मी पातेल्यात पाहिले आणि म्हणाले, “आता वाचता येत नाही, बाबा.”